रशिया-युक्रेन: आपली माणसं पुतिनच्या बाजूने का?

पाटीपेन्सिल | २६ फेब्रुवारी २०२२

आमच्या घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'गोतावळा' नावाचा. एरवी तिथे सुप्रभात, वाढदिवस आणि कोणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन यापलीकडे काही नसतं. परवा, २४ तारखेला सकाळी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये घुसल्या आणि दुपारपर्यंत ग्रुपवर पुतिनचा तो घोड्यावरचा उघडाबंब फोटो आला. खाली 'मर्द असावा तर असा'. टाकणारे माझे मेहुणे. बँकेतून निवृत्त झालेत आणि शेजाऱ्याने कुंपण हातभर अलीकडे सरकवलं म्हणून अकरा वर्षं कोर्टात खेटे घालतायत.

मी एवढंच विचारलं, की भाऊजी, हे कुंपणापेक्षा जरा मोठं प्रकरण नाही का? तर उत्तर आलं, 'मास्तर, तुम्हाला जागतिक राजकारण कळत नाही.' खाली अकरा अंगठे.

आज पहाटे सुरक्षा परिषदेत मतदान झालं. रशियाने फौजा मागे घ्याव्यात या ठरावाच्या बाजूने ११, रशियाचा नकाराधिकार, आणि भारत, चीन, संयुक्त अरब अमिराती तटस्थ. सरकारची अडचण मी समजू शकतो. शस्त्रं रशियाची, पोरं युक्रेनमध्ये अडकलेली. माझा प्रश्न सरकारबद्दल नाहीच. ज्याला कोणाचं काही देणं लागत नाही अशा तुमच्या-माझ्यासारख्या माणसाला घुसणाऱ्याचं एवढं कौतुक का? चौतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं मी. वीस मार्कांचा विषय, हे मान्य.

टवाळ | २६ फेब्रुवारी २०२२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मेहुणे इथे सभासद आहेत का?

जुनाफौजी | २६ फेब्रुवारी २०२२

मास्तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देतो. ७१.

त्या डिसेंबरात मी पूर्व आघाडीवर होतो. वय वर्षं २२. आम्हाला खंदकात काय कळणार न्यूयॉर्कला काय चाललंय, पण नंतर वाचलं. सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव येत होते आणि रशिया एकामागून एक हाणून पाडत होता. अमेरिकेच्या निक्सनने सातव्या आरमाराची विमानवाहू एंटरप्राइज बंगालच्या उपसागराकडे धाडली होती. ढाका पडायला जेवढे दिवस हवे होते, तेवढे रशियाने मिळवून दिले. ऑगस्टमधल्या भारत-सोव्हिएत मैत्री कराराची शाई तरी वाळली होती का?

मला पुतिनचं कौतुक नाही. पण जो अडीअडचणीला दारात उभा राहिला त्याच्यावर संकटात चारचौघांत बोट दाखवायचं नाही, एवढं माझ्या आईने शिकवलं होतं.

काडेपेटी | २६ फेब्रुवारी २०२२

जुनाफौजी काका, +१.
पण संकट त्याच्यावर नाही आलंय. तो दुसऱ्यावर आलाय. :)

उत्तरध्रुव | २७ फेब्रुवारी २०२२

काका, तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. तरी एक बारीक मुद्दा. ७१ साली आपल्या पाठीशी उभा राहिला तो सोव्हिएत संघ. युक्रेन त्याच घरातला होता. त्या वेळचा पक्षाचा सरचिटणीस ब्रेझनेव्ह, त्याचं जन्मगाव आजच्या युक्रेनमध्ये आहे. एकत्र कुटुंब फुटलं तर उपकार फक्त थोरल्याच्या नावावर कसे चढले?

मी नऊ वर्षं हेलसिंकीत आहे. इथे वातावरण काय आहे ते सांगते. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात बॉम्बपासून बचावाचं आश्रयघर आहे. एरवी लोक तिथे स्की आणि जुन्या सायकली ठेवतात. परवा नोटीस लागली, सामान हलवा. कोणी काही बोललं नाही. शनिवारी सगळे आपापल्या सायकली उचलून बाहेर. माझ्या सहकाऱ्याचे आजोबा कारेलियाचे. १९३९च्या रशिया-फिनलंड युद्धानंतर तो भाग रशियाकडे गेला आणि चार लाखांवर माणसं घरदार सोडून इकडे आली. तो म्हणाला, 'आम्ही तेराशे चाळीस किलोमीटरची सीमा घेऊन झोपतो, तुम्ही फोटो घेऊन झोपता.' त्याला आपल्याकडचे ट्विटरवरचे हॅशटॅग दाखवायची मला लाज वाटली.

गोंयकार | २७ फेब्रुवारी २०२२

पात्रांव, ७१च्या आधी दहा वर्षं जा. १८ डिसेंबर १९६१. आपलं सैन्य गोव्यात शिरलं त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत ठराव आला, की भारताने मागे फिरावं. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान यांनी मांडलेला. सात मतं बाजूने पडली. नकाराधिकार कोणाचा? सोव्हिएतचा. नाहीतर आमच्याकडे आणखी किती वर्षं पोर्तुगालच्या हुकूमशहाचा, सालाझारचा फोटो भिंतीवर राहिला असता देव जाणे. आमच्या घरात रशियाबद्दल वाईट बोललेलं आजोबांना खपत नसे, आणि आजोबा काही कम्युनिस्ट नव्हते, रोज चर्चला जाणारे होते.

सत्यवचनी | २७ फेब्रुवारी २०२२

वा! म्हणजे गोव्यात आपण घुसलो ती मुक्ती आणि पूर्व युक्रेनच्या डॉनबासमध्ये पुतिन घुसला ते आक्रमण? तिथेही त्याचेच भाषक लोक आहेत. २०१४ पासून तिथे माणसं मरत होती तेव्हा हे मानवतावादी कुठे होते? नाटो दारापर्यंत आली. २००८ला बुखारेस्टमध्ये जाहीर केलं की युक्रेन आणि जॉर्जिया सदस्य होणार. उद्या चीनने नेपाळमध्ये तळ टाकला तर आपण काय आरती करणार?

गोंयकार | २७ फेब्रुवारी २०२२

सत्यवचनी, गोव्यात साडेचारशे वर्षं राज्य करणारा सात समुद्रांपलीकडचा होता. आणि पोर्तुगालच्या हद्दी आम्ही मान्य करतो असं दिल्लीने कधी लिहून दिलं नव्हतं. इथे ५ डिसेंबर १९९४ला बुडापेस्टला रशियाने सही केली आहे, अमेरिका आणि ब्रिटनच्या बरोबरीने. युक्रेनने अण्वस्त्रं सोडायची, जगातला तिसऱ्या क्रमांकाचा साठा होता तो, आणि बदल्यात याने त्याच्या सीमांना हात लावायचा नाही. खरेदीखत सही करून वीस वर्षांनी क्रिमिया आणि अठ्ठावीस वर्षांनी उरलेलं घर.

आजोबांचं रशियाप्रेम मी सांगितलं. माझं सांगितलं नव्हतं.

टवाळ | २७ फेब्रुवारी २०२२

एक गंभीर शंका. मराठीत राजधानीचं नाव काय लिहायचं? आजच्या पेपरात 'कीव रशियाच्या टप्प्यात' वाचून आई म्हणाली, बरं झालं, रशियाला एकदाची कीव आली.

पाटीपेन्सिल | २७ फेब्रुवारी २०२२

रशियन उच्चार कीयेव्हच्या जवळचा, युक्रेनी कीइव्हच्या. जे राहतात त्यांचा धरावा. पण 'कीव' लिहिलं तरी यापुढे मी लाल शाई वापरणार नाही.

द्राक्षबाग_निफाड | २७ फेब्रुवारी २०२२

तुमचं इतिहासाचं चालू द्या. आमचा वर्तमान ऐका. चार एकर थॉमसन द्राक्षं तोडणीला आलीत. गेल्या आठवड्यात एक्सपोर्टर बागेत येऊन साखर बघून गेला, साइज बघून गेला, भाव ठरला. माल रशियाला जाणारा. काल फोन केला तर म्हणतो थांबा, तिकडच्या बँकांवर बंदी येणार, पैसे कोणत्या वाटेने येतील कळत नाही, जहाजवाले बुकिंग घेतात का ते बघू. द्राक्ष थांबत नाही ना राव. साखर वाढली की मणी नरम पडतो, मग ते लोकल मार्केटला आणि नाहीतर बेदाण्याला.

माझी बाजू विचारली तर जो कंटेनर जाऊ देईल त्याची.

खिडकीतली_तुळस | २८ फेब्रुवारी २०२२

मी इथे फक्त पाककृती वाचायला येते. आज पहिल्यांदा लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा खारकीव्हला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला आहे. चार रात्री मेट्रो स्टेशनच्या फलाटावर. वर जाऊन पाणी आणायचं की नाही यावर मुलांच्यात चिठ्ठ्या टाकतात. बॅटरी वाचवायची म्हणून दिवसातून दोनदा एकच शब्द पाठवतो, 'ठीक'. काल रात्री दुसरा 'ठीक' आला नाही. पहाटे पावणेचारला आला. मधले तास कसे गेले विचारू नका.

आमच्याही ग्रुपवर ते फोटो येतात. मी ग्रुप सोडलेला नाही, कारण कोणाकडून कधी काय कळेल सांगता येत नाही. फक्त आवाज बंद केलाय.

सत्यवचनी | २८ फेब्रुवारी २०२२

ताई, काळजी घ्या. पण एक स्पष्ट बोलतो, तिकडे शिकायला पाठवताना या गोष्टींचा विचार करायला नको होता का? दूतावासाने १५ तारखेलाच निघायला सांगितलं होतं.

खिडकीतली_तुळस | २८ फेब्रुवारी २०२२

सांगितलं होतं, खरंय. कॉलेज म्हणत होतं वर्ग चालू आहेत, हजेरी बुडाली तर वर्ष बुडेल. विमानाचं तिकीट तिप्पट झालं होतं.

आणि पाठवलं का, तर नीटला मार्क बरे पडले, सरकारीची यादी थोडक्यात हुकली. खासगीचा आकडा ऐकल्यावर मुलाच्या बाबांनी रात्री जेवायचं ताट सरकवून ठेवलं. तेवढ्यात तिकडे सहा वर्षं राहून-जेवून डॉक्टर होतो.

मीनाक्षी_ठाणे | २८ फेब्रुवारी २०२२

तुळसताई, तुमच्या विचारपुशीत निरोप टाकलाय, बघा. माझ्या भाच्याच्या बॅचची मुलं रोमानियाच्या हद्दीपर्यंत पोचली आहेत. २६ला बुखारेस्टहून पहिलं विमान मुंबईला उतरलं त्यात त्याचे दोन मित्र होते. खारकीव्ह अगदी पूर्वेला, तिथली वाट वेगळी आहे. पण ज्यांनी बस ठरवल्या त्यांचे नंबर दिलेत.

सत्यवचनी, तुमचा मुद्दा खिशात ठेवा. आठवड्याने काढा.

जुनाफौजी | १ मार्च २०२२

खारकीव्हला आपला एक मुलगा गेला. कर्नाटकातल्या हावेरीचा. सामान आणायला रांगेत उभा होता म्हणे. तुळसताई, तुमच्या मुलाचा आजचा 'ठीक' आला का, एवढं इथे लिहा. बाकी चर्चा नंतर.

खिडकीतली_तुळस | १ मार्च २०२२

आला.

काडेपेटी | २ मार्च २०२२

मी पुतिनचा चाहता नाही, पण मला राग कशाचा येतो ते लिहितो. २००३ला इराकमध्ये अमेरिका घुसली. संहारक शस्त्रं आहेत म्हणून. नव्हती. कोणी अमेरिकेच्या बँका बंद केल्या? कोणी त्यांच्या खेळाडूंना हाकललं? आता टीव्हीवर एक बातमीदार म्हणतो की हे इराक-अफगाणिस्तानसारखं ठिकाण नाही, हे तुलनेने सुसंस्कृत शहर आहे. अरे वा. बगदादच्या माणसाला दुखत नाही वाटतं. आपल्याकडचे लोक रशियाकडून बोलत नाहीयेत, ते पाश्चात्त्यांना वाकुल्या दाखवतायत. पुतिन हे निमित्त.

पाटीपेन्सिल | २ मार्च २०२२

काडेपेटी, इतका नेमका प्रतिसाद अजून आला नव्हता. पण मग इराकचंच पूर्ण उदाहरण घ्या ना. ८ एप्रिल २००३ला आपल्या लोकसभेने एकमताने ठराव केला होता. वाजपेयींचं सरकार, अमेरिकेशी नुकतं कुठे सूत जमत होतं, तरी केला. कोणता शब्द वापरायचा यावर घोळ झाला आणि शेवटी हिंदीत 'निंदा' आलं. इंग्रजीतला शब्द त्यापेक्षा मवाळ होता. म्हणजे अमेरिका घुसली तर निंदा आणि रशिया घुसला तर घसा खाकरणे. १९५६ला हंगेरी, ६८ला चेकोस्लोव्हाकिया, ७९ला अफगाणिस्तान, दर वेळी आपला घसाच बसलेला असतो.

दर्यावर्दी | २ मार्च २०२२

माझगावला जहाजबांधणीत आयुष्य गेलं, म्हणून थोडं यंत्राबिंत्राचं. रशिया शस्त्रं देतो म्हणून रशिया आपला, असं सगळे म्हणताहेत. आपल्या विनाशिकांच्या पोटात कोणतं इंजिन आहे माहितेय? मिकोलाइव्हच्या झोर्या-माशप्रोएक्ट कारखान्याची गॅस टर्बाइन. युक्रेन. हवाई दलाची एएन-३२ मालवाहू विमानं, अँटोनॉव्ह. तीही युक्रेन. डेकवरचं ब्राह्मोस रशियाबरोबरचं आणि खालचं इंजिन युक्रेनचं. २०१४नंतर युक्रेनने रशियाला टर्बाइन द्यायचं बंद केलं, तर रशियात आपल्यासाठी बांधल्या जाणाऱ्या फ्रिगेटांसाठी आपण ती युक्रेनकडून विकत घेऊन रशियाला नेऊन दिली. सुईणपण आपलंच.

आमच्याकडे दोन्हीकडचे इंजिनियर यायचे. एकाच टेबलावर एकाच भाषेत भांडायचे आणि संध्याकाळी वडापाव खायचे, मिरची बाजूला काढून.

ओझरवाला | २ मार्च २०२२

दर्यावर्दी साहेब, नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यातही तेच. मिग तिथेच बनली, नंतर सुखोई. लहानपणी टाउनशिपमध्ये रशियन पोरांबरोबर क्रिकेट खेळलोय. आऊट झालं की बॅट देत नसत.

टवाळ | २ मार्च २०२२

ओझरवाला, तुमच्या शेवटच्या वाक्यात अख्खं परराष्ट्र धोरण आहे.

मीनाक्षी_ठाणे | ३ मार्च २०२२

युक्रेनवरच्या ठरावाचा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतला निकाल: १४१ बाजूने, ५ विरुद्ध, ३५ तटस्थ. विरुद्ध कोण, तर रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया, सीरिया आणि इरिट्रिया.

टवाळ | ३ मार्च २०२२

इरिट्रिया नकाशात शोधून आलो. आहे.

सत्यवचनी | ३ मार्च २०२२

सगळे टीका करताहेत पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. भारतीय मुलांना बाहेर पडता यावं म्हणून पुतिनने सहा तास युद्ध थांबवलं! आहे दुसऱ्या कोणत्या देशाची ही पत? अमेरिकेने आपल्या नागरिकांना वाऱ्यावर सोडलं.

मीनाक्षी_ठाणे | ३ मार्च २०२२

आपल्याच परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने आजच सांगितलं की असं काही झालेलं नाही. आणि तुळसताईंनाच विचारा ना.

खिडकीतली_तुळस | ५ मार्च २०२२

काल बोलणं झालं, म्हणून आज लिहितेय. दोन तारखेला दुपारी संदेश आला की खारकीव्ह ताबडतोब सोडा, वाहन मिळालं नाही तर पायी निघा, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाये नाहीतर बेझल्युदिव्का गाठा. रेल्वे स्टेशनवर गाडीत चढू दिलं नव्हतं, बायकामुलं आधी. तेही बरोबरच म्हणायचं. मग हे चालत निघाले. बर्फ, पाठीवर एक बॅग, हातात तिरंगा छापलेला कागद. सहा तास काही थांबलं नव्हतं. मागे आवाज चालूच होते, तो म्हणाला.

घरमालकीण आजीने निघताना डब्यात लोणच्याच्या काकड्या दिल्या. तो शाकाहारी म्हणून तिला चार वर्षं त्याची काळजी. तिचा स्वतःचा मुलगा आघाडीवर आहे. रशियनच बोलते ती घरी, युक्रेनियन नाही. सत्यवचनींना सांगायचं होतं.

रंकाळा | ७ मार्च २०२२

पोलंडमधल्या क्राकोहून लिहितोय. गेले दोन शनिवार-रविवार प्शेमिश्ल स्टेशनवर जातोय, हद्दीपासून जवळच. आपल्या पोरांना गरम जेवण आणि सिमकार्ड. पहिले दोन-तीन दिवस पलीकडच्या बाजूला आपल्या आणि आफ्रिकन पोरांना रांगेतून मागे ढकललं, काहींना मारही बसला. ते लपवण्यात अर्थ नाही. अलीकडे आल्यावर मात्र पोलिश लोकांनी घरं उघडली. स्टेशनाबाहेर लहान बाळांच्या ढकलगाड्या रांगेत उभ्या करून ठेवल्यात, येणाऱ्या आयांसाठी. त्या बघून मला काही सुचेना.

मी कोल्हापूरचा. वळिवडे आमच्या आजोळापासून हाकेच्या अंतरावर. तिथे १९४३ ते ४८ पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे. महावीर उद्यानात त्यांचा स्तंभ आहे. पण ते आले का, हे आम्ही कधी विचारलं नाही. १९४०मध्ये पूर्व पोलंड गिळल्यावर स्टालिनने त्यांना मालगाड्यांत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात टाकलं होतं. तिथून इराण, तिथून आमच्या पंचगंगेकाठी. स्टेशनवर सूप वाढणाऱ्या एका म्हातारीला मी गाव सांगितलं तर तिने पळी खाली ठेवली. तिची मावशी वळिवड्यात शाळेत होती. तिला मराठी एकच शब्द माहीत होता, 'चला'.

काका, तुमचं ७१ खरं. या बाईचं ४०सुद्धा खरं.

जुनाफौजी | ७ मार्च २०२२

नाही म्हटलंय कोणी?

समुद्रकाठ_रेवदंडा | ८ मार्च २०२२

अवांतर: आमच्याकडे अफानासी निकितीनचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेरहून निघालेला व्यापारी चौलला उतरला. वास्को द गामाच्या आधी. एक घोडा घेऊन आला होता विकायला. शाळेच्या सहलीला गुरुजी तिथे दोन मिनिटं थांबवायचे, मग आम्ही किल्ल्यात पळायचो. घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि धर्म बदल म्हणाला. महत्प्रयासाने परत मिळाला.

टवाळ | ८ मार्च २०२२

म्हणजे तेव्हाही व्यवहार देण्याघेण्याचाच आणि अटी जाचकच. हलके घ्या.

आजीचाबटवा | ९ मार्च २०२२

आमच्या पिढीचं रशियाप्रेम कागदातून आलं. रशियन मासिकं यायची, जाड, गुळगुळीत, रंगीत. वर्गणी नाममात्र. वाचली किती ते सोडा, वह्यांना कव्हरं त्याचीच. गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर आणि भूगोलाच्या वहीवर लालगाल बाई कणसं घेऊन हसतेय. आता कळतं, ती शेतं बरीचशी युक्रेनची असणार. गावात पुस्तकांची गाडी यायची, दीड रुपयात चित्रांची परीकथा. अमेरिकेकडून काय आलं, तर रेशनवरचा तो लाल मिलो, म्हणजे लाल ज्वारी. सांगा, पोराचं प्रेम कोणावर बसणार?

द्राक्षबाग_निफाड | २९ मार्च २०२२

मालाचं काय झालं ते कळवतो. रशियाचं बुकिंग मोठ्या जहाज कंपन्यांनी १ तारखेलाच बंद केलं. रशियाचा माल युरोपच्या आणि बांगलादेशच्या मालात येऊन पडला, भाव बसले. दीड एकर बेदाण्याला गेली. वर पोटॅशचं पोतं हजाराचं सतराशेवर. माझा त्या झेलेन्स्कीशी आणि पुतिनशी कधी बांधाचा वाद झाला होता ते आठवतोय.

उत्तरध्रुव | ६ एप्रिल २०२२

कीइव्हजवळच्या बुचाचे फोटो पाहिले का कोणी? रस्त्यावर सायकलसकट पडलेला माणूस. हात मागे बांधलेले. काल सुरक्षा परिषदेत भारतानेही निःसंदिग्ध शब्दांत निषेध केला आणि स्वतंत्र चौकशी मागितली. या वेळी घसा थोडा मोकळा झाला म्हणायचा.

सत्यवचनी | ६ एप्रिल २०२२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

संपादक मंडळ | ६ एप्रिल २०२२

मृतांचे फोटो 'नट आहेत' म्हणणारे प्रतिसाद राहणार नाहीत. मतभेद चालतील.

मीनाक्षी_ठाणे | १४ मे २०२२

गव्हाची निर्यात काल बंद झाली. सूर्यफुलाचं तेल महागलं. आपल्याकडे येणारं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेनचं होतं हे मला या वर्षी कळलं. 'जागतिक राजकारण' आमच्या कढईत आलंय. पाटीपेन्सिल सर, भाऊजींच्या घरी तळण बंद आहे का?

पाटीपेन्सिल | १४ मे २०२२

शेंगदाण्याच्या तेलावर आले आहेत. त्याचा दोष त्यांनी नाटोला दिला आहे.

आजीचाबटवा | १७ सप्टेंबर २०२२

एकाच आठवड्यातल्या दोन बातम्या. १४ तारखेला मॉस्कोत अण्णाभाऊंच्या पुतळ्याचं अनावरण, आपले उपमुख्यमंत्री गेले होते. आणि काल समरकंदला मोदींनी पुतिनना समोरासमोर सांगितलं की आजचा काळ युद्धाचा नाही. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला होता, घरात घुसलेल्याला पिटाळून लावणाऱ्या लोकांचा. आज असते तर डफ कोणासाठी वाजवला असता, असं मनात आलं. राहवलं नाही म्हणून लिहिलं.

पाटीपेन्सिल | २५ फेब्रुवारी २०२५

तीन वर्षं झाली. धागा वर काढतोय.

'तीन दिवसांत राजधानी पडेल' म्हणणाऱ्यांत मीही होतो, खरडवहीत कबूल केलं होतं. काल आमसभेत पुन्हा ठराव आला. बाजूने ९३, विरुद्ध १८, तटस्थ ६५. विरुद्ध मतं कोणाची, तर रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया आणि अमेरिका! भारत तटस्थ. म्हणजे पन्नास वर्षं ज्याला आपण 'पलीकडचा' म्हणत होतो तो चालत रशियाशेजारी जाऊन बसला आणि आपण अजून मधल्या बाकावर. काडेपेटी, तुमच्या वाकुल्यांचं आता काय करायचं? दाखवायच्या कोणाला?

काडेपेटी | २५ फेब्रुवारी २०२५

मास्तर, मीही तोच विचार करतोय. निरुत्तर होणं मला जमत नाही, म्हणून वेळ मागतो.

टवाळ | २५ फेब्रुवारी २०२५

कुंपणाच्या केसचं काय झालं ते आधी.

पाटीपेन्सिल | २५ फेब्रुवारी २०२५

तारीख पडली आहे. शेजारी म्हणतो, आहे तिथे राहू दे, पुढे सरकवणार नाही. भाऊजी संतापले आहेत. म्हणाले, 'मास्तर, याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा?' मी काही बोललो नाही.

जुनाफौजी | २ मार्च २०२५

डोळ्यांमुळे कमी येतो. नातू वाचून दाखवतो.

गेल्या वर्षी बातम्या आल्या, आपली पोरं मदतनिसाची नोकरी म्हणून रशियात नेली आणि गणवेश चढवून खंदकात उतरवली. काही परत आली नाहीत. मोदींनी मॉस्कोत विषय काढला तेव्हा कुठे सोडायला लागले. खंदकात मी बसलोय. भाषा न कळणाऱ्या पोराला तिथे बसवणं याला मैत्री म्हणत नाहीत. ७१ मी विसरणार नाही. पण आता दोन वेगळ्या वह्या ठेवल्यात.

रंकाळा | २ मार्च २०२५

काका, तब्येतीला जपा. गेल्या ऑगस्टमध्ये मोदी वॉर्साला आले तेव्हा कोल्हापूरच्या स्मारकाला फुलं वाहून मग रेल्वेने कीइव्हला गेले. त्याच्या दीड महिना आधी ते मॉस्कोत होते आणि त्याच दिवशी कीइव्हच्या मुलांच्या हॉस्पिटलवर क्षेपणास्त्र पडलं होतं. इथल्या ऑफिसात मला दोन्ही वेळा जाब विचारला. पहिल्या वेळी उत्तर नव्हतं. दुसऱ्या वेळी वळिवडे सांगितलं.

द्राक्षबाग_निफाड | २९ ऑगस्ट २०२५

परवापासून अमेरिकेने आपल्यावर ५० टक्के आयातशुल्क लावलंय. त्यातलं २५ रशियाचं तेल घेतो म्हणून. युद्धाआधी दोन टक्केही घेत नव्हतो, आता तिसऱ्या हिश्शाच्या वर. घ्या, माझं म्हणणं नाही. पण तेल स्वस्त मिळालं ना? आमच्या पंपावर पेट्रोल शंभराच्या खाली एकदाही आलं नाही. मग मधला फरक कोणाच्या टाकीत गेला हे मास्तर, तुमच्या नागरिकशास्त्रात आहे का?

पाटीपेन्सिल | २९ ऑगस्ट २०२५

धड्याच्या शेवटी 'उपक्रम' म्हणून असायचं ते. कोणी करत नसे.

सत्यवचनी | ३० ऑगस्ट २०२५

मी म्हणत होतोच की अमेरिका विश्वासार्ह नाही.

मीनाक्षी_ठाणे | ३० ऑगस्ट २०२५

हो. फक्त रशिया आहे असं कुठे सिद्ध झालं ते शोधतेय. तुळसताई, मुलगा कसा आहे? मध्यंतरी जॉर्जियातल्या तिबिलिसीला बदली मिळाली होती ना?

खिडकीतली_तुळस | १ सप्टेंबर २०२५

हो, तिबिलिसीला राहिलेलं पूर्ण केलं. इकडची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली. आता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात इंटर्नशिप, रात्रपाळ्या फार.

त्याला म्हटलं, त्या धाग्यावर लोक अजून विचारतात, तूच लिही काहीतरी. तर म्हणाला, काय लिहू? काकडीवाल्या आजीला अजून रोज मेसेज करतो. तिचा मुलगा परत आला, एका पायाने. ती आता रशियन बोलत नाही म्हणे, दुकानातसुद्धा नाही. सत्तरीत युक्रेनियन शिकतेय, चुका करते, आणि माझ्या मुलाला लिहिते तेव्हा मात्र चुकून रशियनच लिहिते, कारण त्याला तेवढंच येतं. रोज एकच शब्द पाठवते. त्याच्याच हातचा शिकलेला आहे, देवनागरीत.

'ठीक'.